भाड्याने दिलेलं नाव

ठाण्याच्या बाकावर पर्स पोटाशी धरून बसलेली ती मुलगी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस खात्यातल्या आठवणी अधिकारी लिहितात. त्या छापून येतात, त्यांत खून असतात, दरोडे असतात. मी अधिकारी नव्हते. नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात चतुर्थ श्रेणी कर्मचारी म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शिक्षण चौथी पास. झाडलोट, पाणी, चहा ही माझी कामं. महिला शिपाई बाहेर असली की ठाण्यात आलेल्या बाईमाणसाजवळ बसायचं, हेही एक काम. चारचौघांत मला बोलता येत नाही, आधीपासूनच नाही. म्हणून लिहिते, आणि कोणाला दाखवायला लिहीत नाही.

पण या केसबद्दल लोक काय बोलतात ते माझ्या कानावर आलं आहे. मुलीने सख्ख्या मामाला तोंडघशी पाडलं, हट्टापायी स्वतःचंही नुकसान करून घेतलं, असं म्हणतात. ते खोटं आहे. मी तिथे होते. नाव कोणाचंच घालणार नाही, पण जे झालं ते झालं तसं लिहिणार.

सुरुवात हॉस्पिटलच्या मेमोने झाली. गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलमध्ये एक म्हातारी बाई दाखल झाली होती. तोंड आतून सोललेलं, हिरड्यांतून रक्त, ताप उतरत नव्हता. औषधामुळे झालं असावं अशी डॉक्टरांना शंका आली. अशा वेळी पोलिसांना कळवावंच लागतं. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली आणि तपास एका उपनिरीक्षक साहेबांकडे आला. तरुण होते. आवाज चढवायचे नाहीत. त्यांच्यासमोर बसलेला माणूस हळूहळू सैल व्हायचा आणि मग नको ते बोलून जायचा.

म्हातारीचा मुलगा अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. तो डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आला. पाकिटावर पेनने लिहिलं होतं, सकाळी एक, संध्याकाळी एक. चिठ्ठीवर मात्र डॉक्टरने आठवड्यातून एक गोळी असं लिहिलं होतं, वारासकट. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी साहेबांना समजावलं, की ही सांधेदुखीची गोळी आठवड्याला एकच घ्यायची असते. रोज घेतली तर अंगात रक्त तयार होणंच थांबतं.

"आई म्हणायची, गोळी लय कडक हाय," मुलगा सांगत होता. "आम्ही म्हटलं, कडक हाय म्हणजे लागू पडंल. ती नको नको करायची साहेब, आणि आम्ही बळंच द्यायचो."

एवढं बोलून तो भिंतीकडे बघत राहिला. मी चहा ठेवला, त्याने तो घेतला नाही.

गोळ्या इंदिरानगरच्या एका मेडिकलमधून घेतलेल्या होत्या. त्या बीटच्या हवालदाराने दुकानासमोरच्या चहावाल्याला सहज विचारलं, की इथल्या फार्मासिस्ट मॅडम कधी येतात. चहावाला हसला. "मॅडम? मी इथं दुकान लावल्यापासून मॅडम भिंतीवरच आहेत. फोटोत." हवालदाराने ते येऊन साहेबांना सांगितलं. टीप म्हणतात ती एवढीच. पण साहेबांना ती पुरली.

हे आधी लिहून ठेवते. मेडिकलचं लायसन्स हवं असेल तर नोंदणी झालेल्या फार्मासिस्टचं नाव दाखवावं लागतं. त्याचं सर्टिफिकेट दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं असतं, आणि औषध त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. आता दुकान काढणारे सगळे शिकलेले नसतात आणि शिकलेल्या सगळ्यांकडे दुकानाचं भांडवल नसतं. मग काही जण सर्टिफिकेट भाड्याने देतात. माणूस गावाला, सर्टिफिकेट शहरात. खोली भाड्याने द्यावी इतक्या सहज लोक याबद्दल बोलतात. लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगतात, मुलीचं सर्टिफिकेट चालू आहे, म्हणजे त्याचं भाडं येतं.

साहेबांनी मालकाला आणि काउंटरवरच्या माणसाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. काउंटरवरचा माणूस वयाने चांगला मोठा, डोक्याला टक्कल पडलेलं. त्याने काही लपवलं नाही.

"गुडघ्याच्या गोळ्या सगळे सकाळ-संध्याकाळच घेतात साहेब. मी सगळ्यांना तसंच लिहून देतो. म्हाताऱ्या माणसांना सोपं जातं."

"चिठ्ठी वाचली होती?"

"गोळीचं नाव वाचलं. खालचं नाही वाचलं. गर्दी असते."

"आणि मॅडम कुठे होत्या?"

त्याने शेजारच्या खोलीकडे पाहिलं. "ते शेठला विचारा," म्हणाला.

शेठचा पांढरा शर्ट अगदी कडक इस्त्रीचा. तो म्हणाला, "मी फक्त मालक आहे साहेब. औषधातलं मला ओ का ठो कळत नाही. मॅडम हजर होत्या. जे काही दिलं ते मॅडमच्या देखरेखीत दिलं."

सर्टिफिकेटवरची मुलगी सटाण्याकडची. कायद्याप्रमाणे बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, त्यामुळे साहेब दुसऱ्या दिवशी तिकडे निघणार होते. पण त्याआधीच तिचा मामा तिला घेऊन ठाण्यात हजर झाला. साहेब मला नंतर म्हणाले, "मावशी, बोलावलेला माणूस उशिरा येतो. न बोलावता जो लवकर येतो त्याच्याकडे नीट बघायचं."

महिला शिपाई कोर्टात गेली होती. म्हणून मी मुलीजवळ बसले.

साधा ड्रेस, तेल लावून घट्ट बांधलेली वेणी. वडील नव्हते. मामाने शिकवलं होतं, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं, कारण तो बोलायला लागला की ती मान खाली घालायची. मामा कांद्याच्या आडतीवर कामाला. सारखं बोलायची सवय, आवाज मोठा. तिथे मात्र कुजबुजत होता. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं, हातातलं फडकं पाहिलं आणि मी नाहीच असं धरून चालला. शहरातल्या बाईला आपली अहिराणी कळणार नाही असंही त्याला वाटलं असेल. माझं माहेर तिकडचंच, बागलाणातलं.

"इतलंच सांग, तू दुकानमा व्हती," तो म्हणत होता. "बाकी मी पाही लिसू."

"मी तठे कधी गयीच नही, मामा."

"तेच तर कोणले सांगानं नही."

दुकानात होते एवढं सांग, बाकीचं मी बघून घेतो, असं मामाचं म्हणणं. मी तिथे कधी गेलेच नाही, असं तिचं. शेठने मामाला समजावलं होतं, की मुलगी हजर होती एवढं म्हणाली तर दुकान वाचेल, तिचं सर्टिफिकेट वाचेल, फार तर थोडा दंड होईल. मामाला ते खरं वाटलं. त्याला कायदा माहीत नव्हता, आणि शेठ चांगल्या घरचा दिसत होता.

मी कधी कोणाच्या मध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "पोरी, साहेब लिहून घेतील ते परत वाचून दाखवा म्हणायचं. आणि जे झालं नाही ते झालं म्हणायचं नाही."

मामा एकदम वळला. "बाई, तुम्ही तुमचं झाडूचं बघा ना."

"सकाळीच झालंय," मी म्हटलं आणि तिथेच बसून राहिले.

साहेबांनी मामाला बाहेर थांबायला सांगितलं. मुलगी आत बसली, मी दाराशी. तिने पाठ केल्यासारखं सांगितलं, "मी दुकानात होते." साहेबांनी पेन उचललंच नाही. खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "ताई, जरा दुसरं विचारतो. माझी पुतणी म्हणते फार्मासिस्ट व्हायचं. काय काय करावं लागतं हो? मला काहीच माहीत नाही."

मुलीने वर पाहिलं. आधी तिला खरं वाटलं नाही. मग सांगायला लागली. बारावी सायन्सने करायची. मग डी.फार्मची दोन वर्षं, नाहीतर बी.फार्मची चार. तिने डी.फार्म केलं होतं. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का ते प्रवेश घेण्याआधीच बघायचं, नाहीतर पास होऊनही नोंदणी होत नाही, तिच्या एका मैत्रिणीचे दिवस असेच फुकट गेले होते. परीक्षा झाली की दवाखान्यात नाहीतर मेडिकलमध्ये प्रत्यक्ष प्रशिक्षण. आता नव्या मुलांना वर आणखी एक परीक्षा द्यावी लागणार, असंही म्हणाली. मग सगळी कागदपत्रं घेऊन राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे अर्ज करायचा. त्यांनी तपासली, की नाव रजिस्टरला चढतं आणि नंबर मिळतो. त्यानंतर मुदतीत नूतनीकरण करायचं, मधून मधून नव्या औषधांचे वर्ग करायचे.

"आणि प्रशिक्षणात काय शिकवतात? गोळ्या मोजायला?" साहेबांनी मुद्दामच चिडवलं.

"नाही सर." पहिल्यांदाच तिचा आवाज नीट ऐकू आला. "मी सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर होते. तिथल्या मॅडम म्हणायच्या, गोळी कशी घ्यायची ते पेशंटला सांगायचं, आणि मग पेशंटकडून ते परत म्हणवून घ्यायचं. त्याने बरोबर सांगितल्याशिवाय पुडी हातातून सोडायची नाही. मागे रांग ओरडली तरी सोडायची नाही. मला एक आजोबा म्हणाले होते, पोरी, तू शाळेतल्या बाईसारखी प्रश्न विचारतेस, छडी पण आण."

ती हसली. मग साहेबांनी गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, पेनने लिहिलेलं वाचलं, आणि हसणं गेलं.

"हे माझ्या हातून गेलंच नसतं."

"म्हणजे?"

तिने पाकीट खाली ठेवलं. दाराबाहेर मामा खोकला.

साहेब उठले. "चला, दुकान बघून येऊ."

तोपर्यंत महिला शिपाई परत आली होती. तरी मुलगी माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही पण चला." दुकानात औषध निरीक्षक आधीच पोहोचले होते. दोन पंच बोलावले होते, एक चहावाला आणि एक शेजारचा स्टेशनरीवाला. शेठ होता, काउंटरवरचा माणूस होता, मामा आमच्या मागोमाग रिक्षाने आला.

दुकान चकचकीत होतं. समोरच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी काचेच्या फ्रेममध्ये तिचं सर्टिफिकेट. फोटो जुना, केस मोकळे सोडलेले. मुलगी पायरीवरच थांबली. आपलं नाव कुठे लावलंय ते ती पहिल्यांदाच बघत होती, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. फ्रेमच्या कडेला कोणीतरी गणपतीत उरलेली झालर अडकवली होती.

"मॅडम, तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा," साहेब म्हणाले.

ती हलली नाही. शेठ घाईने म्हणाला, "त्या आत बसतात, आत."

"बरं. मग फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढून द्या."

फ्रिज पार्टिशनच्या मागे होता. मुलगी काउंटरच्या दोन्ही बाजूंना बघत राहिली. पंच एकमेकांकडे बघायला लागले.

तेव्हा शेठने जे केलं त्यानेच केस फुटली. हे आता निसटतंय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो सगळंच तिच्यावर ढकलायला गेला. "आज घाबरल्यात त्या. साहेब, खरं सांगतो, ती गोळी मॅडमनीच स्वतःच्या हाताने दिली. लिहिताना चूक झाली असेल. शेवटी माणूस आहे."

मामा पुढे आला. "शेठ, हे असं कुठं ठरलं होतं? तुम्ही म्हणाले, नुसती हजर होती म्हणायचं."

शेठ म्हणाला, "मामा, तुम्ही गप बसा."

"का गप बसू? माझ्या पोरीवर घालता का?"

साहेबांनी हवालदाराला लिहायची खूण केली. नुसती हजर असणं म्हणजे काय, हे मामाला त्या क्षणी कळलं. ती हजर होती असं धरलं, तर म्हातारीच्या जिवाशी झालेला खेळ तिच्या देखरेखीत झाला होता. वाचवायला आणलेल्या भाचीला त्याने स्वतःच्या हाताने आरोपी करायला आणलं होतं.

लगेच त्याने दुसरी वाट काढली. "साहेब, मी सांगतो. सर्टिफिकेट मी दिलं. पोरीला माहीतच नव्हतं. तिच्या कपाटातून मी काढून नेलं. लिहा असं."

साहेबांनी हवालदाराला थांबायची खूण केली. ते मुलीकडे बघत राहिले. आम्ही सगळेच बघत होतो. तिने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. मामाने गुन्हा स्वतःवर घेतला होता, तिचं नाव रजिस्टरला राहिलं असतं, घरातल्या सगळ्यांनी तिला बिचारी म्हटलं असतं.

शेठला मात्र अजून धमकी द्यायची होती. "मॅडम, विचार करून बोला. माझं दुकान जाईल, पण तुमचं नावही कापतील. घरी बसून खाल्लंच ना तुम्ही? सगळेच करतात."

मुलगी काउंटरपर्यंत चालत गेली.

"मामा, कपाटातून कोणी काही नेलं नाही," ती म्हणाली. "सही मी केली होती. मी घरी बसले आणि इथे नाव लावू दिलं. या दुकानात मी आज पहिल्यांदा पाय ठेवला. सर, असं लिहा आणि मला वाचून दाखवा."

"अगं, नाव जाईल तुझं," मामा म्हणाला.

"जाऊ दे. त्या आजींच्या गोळीवर लिहायला मी इथे नव्हते, म्हणून ते लिहिलं गेलं. आता खोटं बोलून ते नाव ठेवायचं? कशाला? परत दुसऱ्या भिंतीवर लावायला?"

शेठ हसल्यासारखं करून म्हणाला, "फार मोठ्या गोष्टी बोलता मॅडम. भाडं घेताना नाही आठवलं?"

"नाही आठवलं," ती म्हणाली. "तेही लिहा सर."

मग तिने निरीक्षकांना सांगितलं, की सर्टिफिकेट जप्त करायचं असेल तर आत्ता करा, मला ते तिथे बघवत नाही. पंचनाम्यात ते घेतलं. चहावाल्याने सही करताना हात पुसून घेतले. एवढ्या अदबीने सही करणारा पंच मी दुसरा पाहिला नाही.

म्हातारी वाचली, पण बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. शेठ आणि काउंटरवरच्या माणसावर दोषारोपपत्र गेलं, दुकानाचं लायसन्स गेलं. कोर्टाचं काम माझ्या निवृत्तीपर्यंत चालूच होतं. मुलगी साक्षीदार राहिली. पण तिचा जबाब कौन्सिलकडे गेला आणि तिला नोटीस आली. तिथल्या सुनावणीत तिला विचारलं, घरच्यांनी दबाव टाकला होता का. होय म्हणायची ती शेवटची संधी होती. ती म्हणाली, दबाव होता, पण सही माझी होती. तिची नोंदणी काही काळासाठी निलंबित झाली.

घरी मामा तिच्याशी बोलेनासा झाला. भाऊबंद म्हणाले, एवढा खर्च करून शिकवलं आणि पोरीने आगाऊपणा केला. ठाण्यातही एक जण म्हणाला, "शहाणी असती तर मामाच्या डोक्यावर टाकून मोकळी झाली असती." मी त्याच्या टेबलावरचा चहा उचलून नेला. त्याने अजून प्यायला नव्हता.

निलंबनाच्या काळात ती एका मोठ्या मेडिकलच्या गोदामात खोकी लावायची. औषधाला हात लावायचा नाही, फक्त खोकी. मग मुदत संपली आणि नाव परत रजिस्टरला चढलं. मला तिने फोन करून सांगितलं. त्याच सुमारास सटाण्यात एक नवं मेडिकल निघत होतं, त्याचा मालक तिच्या घरी आला होता. तिथे काय झालं ते तिने जसं सांगितलं तसं लिहिते.

मालक म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? घरीच बसा. सर्टिफिकेट तेवढं द्या, महिन्याच्या महिन्याला घरपोच मिळेल."

आई आत चहा करत होती. मामाही आला होता, खूप दिवसांनी, दाराशी उभा. सगळ्यांना वाटलं, आता तरी ही ऐकेल.

ती म्हणाली, "सर्टिफिकेट एकटं येत नाही काका. मी बरोबर येते. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत. चालत असेल तर सांगा."

मालक गेला. पंधरवडा आला नाही. मग आला आणि म्हणाला, या.

नोकरीत असताना मी पुष्कळ माणसं खरं बोलताना पाहिली. बहुतेक जण पकडले गेले म्हणून बोलतात, काही जण सुटण्यासाठी बोलतात. सुटायची वाट उघडी असताना, घरचा माणूस हात धरून त्या वाटेने नेत असताना जी नाही म्हणाली, अशी मी ही एकच पाहिली. तिला कोणी हट्टी म्हणो. मी त्या केसमधून एवढंच शिकले, की माणसाच्या नावामागे माणूस उभा पाहिजे, आणि तो नसेल तर त्याची किंमत कोणीतरी तिसराच मोजतो. ते तिने आमच्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, आणि एका शब्दानेही मागे हटली नाही. मामाची बीपीची गोळी आता तिच्याच काउंटरवरून जाते. ती कशी घ्यायची ते त्याला मोठ्याने म्हणून दाखवावं लागतं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि तोपर्यंत ती पुडी सोडत नाही.